नंबर लागेल का?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘पुढे काय?’ आणि त्याचे उत्तर ‘एम.ए. करायचे, दिल्लीला नाहीतर हैदराबादला’ असे दिले की लगेच दुसरा, ‘अरे बापरे! तिथे नंबर लागेल का?’ पहिल्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या आवडीचे. दुसऱ्याचे उत्तर मात्र आवडीवर नाही, ते हिशेबावर अवलंबून आहे. आणि हा हिशेब आपल्या महाविद्यालयात फारसा कोणी करीत नाही असे मला दिसते. कोणी म्हणतो, ‘चार लाख पोरं बसतात, आपला कुठला लागायला!’ कोणी म्हणतो, ‘नशिबात असेल तर लागेल.’ दोघेही परीक्षेच्या आधीच मोकळे होतात.

मी तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. गेल्या वर्षी ग्रंथालयातल्या संगणकावर वरच्या वर्गातल्या ताई-दादांचे प्रवेशपरीक्षेचे फॉर्म भरून देण्याचे काम माझ्याकडे आपोआपच आले, कारण माझे टंकलेखन बरे आहे. फॉर्म भरता भरता लोकांचे प्रश्न ऐकले, माहितीपुस्तिका वाचल्या, निकाल पाहिले आणि एका वहीत टिपणे केली. यंदा मी स्वतः परीक्षेला बसत आहे. तेव्हा हा लेख काही परक्या माणसाने दिलेला सल्ला नाही. माझ्याच पोटातल्या गोळ्याचा हिशेब आहे असे समजावे.

आधी थोडा इतिहास. दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ ही केंद्र सरकारची विद्यापीठे. आपल्या वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयही त्यांतलेच. शुल्क खाजगी संस्थांच्या मानाने फारच कमी, ग्रंथालये मोठी, शिक्षक नामवंत. त्यामुळे गर्दी होणारच. पूर्वी प्रत्येकाचा दरवाजा वेगळा होता. दिल्लीत पदवीच्या वर्गांना बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश मिळे आणि २०२१ साली तर काही नामांकित महाविद्यालयांनी पहिल्या यादीत चक्क १०० टक्क्यांची अट लावली. शंभर टक्के! एखाद्या बोर्डात शंभर टक्के मिळवणारी मुले डझनावारी असतात, तर दुसऱ्या बोर्डात नव्वद मिळाले तरी पेढे वाटतात. अशा दोघांना एकाच काट्यावर तोलणे हा न्याय नव्हे, हे उघडच होते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सामाईक प्रवेशपरीक्षा आली. तिला सगळे ‘सी.यू.ई.टी.’ म्हणतात. पदवीसाठी एक आणि पदव्युत्तर वर्गांसाठी वेगळी. या परीक्षेवर आक्षेप पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही मला पटतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय. पुढे जे लिहीत आहे ते मुख्यतः पदव्युत्तर परीक्षेबद्दल, कारण आपल्या वाचकांचा संबंध तिच्याशीच अधिक.

आता ते भीती घालणारे ‘चार लाख’. २०२५ च्या पदव्युत्तर परीक्षेला चार लाखांवर नावे नोंदली गेली हे खरे. परंतु ती १५७ विषयांत विभागलेली होती. रसायनशास्त्राला बसलेला मुलगा तुमच्या राज्यशास्त्राच्या जागेवर डोळा ठेवून नसतो. भौतिकशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, कायदा, शिक्षणशास्त्र, निरनिराळ्या भाषा, अशी ही सारी जत्रा एकाच आकड्यात कोंबलेली आहे. शिवाय एकेक जण एकाहून अधिक विषयांचे पेपर देतो. नाव नोंदवून परीक्षेला न येणारेही असतात, आणि केवळ ‘बसून तर पाहू’ म्हणून बसणारे तर पुष्कळच. तेव्हा एकूण उमेदवार भागिले एकूण जागा हा भागाकार दिसायला गणितासारखा असला तरी त्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. यात्रेला किती लोक आले यावरून आपल्याला एस.टी. मिळेल की नाही हे ठरत नाही. आपल्या गावाच्या गाडीच्या रांगेत किती उभे आहेत ते पाहावे लागते.

मग पाहायचे काय? हे मला माझ्या वडिलांना समजावून सांगताना अधिक स्पष्ट झाले. आमचा कांद्याचा मळा आहे. आप्पा रोज संध्याकाळी लासलगाव आणि पिंपळगावचे भाव बघतात: किमान, कमाल, सरासरी. मी दिल्लीचे नाव काढल्यावर त्यांनी विचारले, ‘भरवसा किती?’ मी म्हटले, ‘आप्पा, वर्तमानपत्रात फोटो येतो तो कमाल भाववाल्याचा. सरासरी पण आपल्या कामाची नाही. ज्या गुणांवर शेवटचा मुलगा आत गेला, तो किमान भाव बघायचा.’ ते म्हणाले, ‘मग तो एका दिवसाचा बघू नको. तीन-चार बाजारांचा बघ, आणि आपल्या मालाच्या प्रतीचा बघ.’ संख्याशास्त्राचे पुस्तक याहून वेगळे काय सांगते, मला ठाऊक नाही.

तर शक्यता मोजायची ती अशी. आपला विषय, आपला प्रवर्ग आणि ते विशिष्ट विद्यापीठ, या तिन्हींच्या छेदावर गेल्या दोन-तीन वर्षांत शेवटचा प्रवेश किती गुणांना झाला ते शोधायचे. दिल्ली विद्यापीठ प्रवेशाच्या फेऱ्यांचे असे आकडे जाहीर करते. इतर विद्यापीठांच्या याद्याही त्यांच्या संकेतस्थळांवर चिकाटीने शोधल्या तर सापडतात. फक्त एक सावधगिरी बाळगावी. परीक्षेचा साचा मध्येच बदललेला आहे. २०२३ सालचा पेपर १०० प्रश्नांचा, म्हणजे ४०० गुणांचा होता; २०२४ पासून ७५ प्रश्न, ३०० गुण. २०२४ मध्ये वेळ १०५ मिनिटे होता, २०२५ मध्ये तो ९० मिनिटांवर आला. त्यामुळे ‘२०२३ ला अमक्याला २३० ला मिळाले’ हे ऐकून ३०० पैकी २३० ची धास्ती घेण्याचे कारण नाही. ते ४०० पैकी होते.

प्रवर्गाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इथे आपल्याकडची मुले सर्वांत जास्त गोंधळतात. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, इतर मागासवर्गीयांना २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा असतात. म्हणजे ६० जागांचा वर्ग असेल तर खुल्या जागा साधारण २४ उरतात. ‘साठ जागा आहेत’ हे म्हणूनच अर्धवट सत्य आहे. या २४ जागा कोणा एका गटाच्या मालकीच्या नाहीत. राखीव प्रवर्गातला उमेदवार खुल्या यादीच्या गुणांपर्यंत पोचला तर त्याची गणना खुल्या जागेवर होते.

आता महाराष्ट्राची आणि केंद्राची वाटणी सारखी नाही. आपल्याकडे विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग असे स्वतंत्र गट आहेत. केंद्रात ते नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण ‘बऱ्याच’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हेत. आपले नाव केंद्रीय यादीत आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मराठा समाजाला राज्याने २०२४ च्या कायद्याने दिलेले आरक्षण केंद्रीय विद्यापीठांत चालत नाही. तिथे अशा विद्यार्थ्याला आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करता येतो. मात्र कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, आणि शेतजमीन पाच एकर किंवा त्याहून अधिक असेल तर तो मार्गही बंद. मग ती जमीन कोरडवाहू का असेना! आमच्या गावात पाऊण एकर बागायतवाला पात्र आणि सहा एकर माळरानवाला अपात्र, अशी दोन घरे शेजारी शेजारी आहेत. नियम करणाऱ्याला माळरान दिसले नसावे.

आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा नॉन-क्रीमीलेअर दाखला जवळ आहे म्हणून निर्धास्त राहिलेला एक दादा मी पाहिला आहे. प्रवेशाच्या वेळी केंद्राच्या नमुन्यातला, त्याच आर्थिक वर्षातला दाखला मागितला. तो काढायला सेतूत गेला तेव्हा तिथे दहावी-बारावीच्या निकालांची झुंबड. मुदत टळली. त्याला इतर मागासवर्गाच्या जागेसाठी पुरेसे गुण होते, खुल्या जागेसाठी नव्हते. त्याची शक्यता परीक्षेने नव्हे, एका कागदाने शून्यावर आणली.

शून्य करणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. सामाईक परीक्षेचा फॉर्म भरणे म्हणजे विद्यापीठाला अर्ज करणे नव्हे. निकालाच्या सुमारास प्रत्येक विद्यापीठ आपापल्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी घेते, तिचे शुल्क वेगळे, मुदत वेगळी. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका ताईला चांगले गुण मिळाले आणि ती यादीची वाट पाहत घरी बसली. परीक्षा घेणारी संस्था एक, प्रवेश देणारे विद्यापीठ दुसरे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तसेच पात्रतेची अट. पदवीला किमान अमुक टक्के, आणि काही ठिकाणी पदवीला तोच विषय असणे आवश्यक. काही विद्यापीठांत समाजशास्त्रासारख्या विषयाला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. तीच पदवी दुसऱ्या विद्यापीठात चालत नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसता येते, परंतु पदवीचा निकाल ठरलेल्या तारखेपर्यंत दाखवावा लागतो. सहाव्या सत्राचा निकाल लांबला की आपली मुले टांगणीला लागतात. मागचा एखादा विषय राहिला असेल, तर तो आधी सोडवणे ही प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाहून तातडीची गोष्ट आहे.

हे सारे दरवाजे उघडे आहेत असे धरून आता प्रत्यक्ष हिशेब करू. सरावाचे गुण माझेच देते. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने मागील प्रश्नपत्रिका उपलब्ध करून दिलेल्या आहेत. पाच सराव मी ग्रंथालयात, घड्याळ लावून, मध्ये न उठता सोडवले. घरी चहा पीत पीत सोडवलेले मोजले नाहीत. ते नेहमीच वीस-पंचवीस गुणांनी फुगलेले निघतात. पाच सरावांत ३०० पैकी मिळाले १४८, १६१, १६६, १७४ आणि १८२. सरासरी १६६. परंतु ‘माझे गुण १६६’ असे म्हणणे चुकीचे. माझे गुण ‘दीडशेपासून ऐंशीपर्यंत कुठेही’ असे आहेत.

विद्यापीठांची नावे देत नाही. हिशेबाची रीत तेवढी कळावी म्हणून शेवटच्या प्रवेशाचे आकडे मानून घेतले आहेत. समजा ‘अ’ विद्यापीठात तीन वर्षांत शेवटचा प्रवेश १८८, १९६ आणि २०१ ला झाला. ‘आ’ मध्ये १६५, १७२, १७८ ला. ‘इ’ मध्ये १४९, १५०, १५८ ला. आता माझे प्रत्येक सरावाचे गुण प्रत्येक वर्षाच्या आकड्याशी भिडवायचे. पाच गुणिले तीन, म्हणजे पंधरा जोड्या. ‘अ’ मध्ये पंधरापैकी एकाही जोडीत मी वर नाही. ‘आ’ मध्ये १६५ च्या वर तीनदा, १७२ च्या वर दोनदा, १७८ च्या वर एकदा: एकूण सहा, म्हणजे ४० टक्के. ‘इ’ मध्ये प्रत्येक वर्षाला चार, एकूण बारा, म्हणजे ८० टक्के. एवढा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. तो अचूक आहे असा माझा दावा नाही. पाच सराव आणि तीन वर्षे हा पुरावा तोकडाच. पण ‘लागेल’ आणि ‘लागणार नाही’ यांच्या मध्ये पुष्कळ जागा असते हे त्यातून दिसते.

इथे एक खाच आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मैत्रिणीने माझी वही पाहून झटकन हिशेब केला: ‘‘आ’ ला न मिळण्याची शक्यता ६० टक्के, ‘इ’ ला न मिळण्याची २०. दोन्हीकडे न मिळण्याची ६० चे २० टक्के, म्हणजे १२. तुला कुठे ना कुठे मिळण्याची शक्यता ८८ टक्के!’ ऐकायला फार गोड वाटले. परंतु हा गुणाकार दोन वेगवेगळे फासे टाकताना लागू पडतो. इथे फासा एकच आहे. परीक्षा एक, दिवस एक, गुण एक. त्या सकाळी माझे डोके दुखले आणि १४८ मिळाले तर ‘अ’, ‘आ’, ‘इ’ तिन्ही एकदमच गेली. १८२ मिळाले तर ‘आ’ आणि ‘इ’ दोन्ही माझ्याच. म्हणजे ‘इ’ चे जे ८० टक्के तेवढेच, फार तर किंचित अधिक, माझे एकूण. त्याच परीक्षेवर चालणाऱ्या आणखी दहा विद्यापीठांचे अर्ज भरले, तरी ती सगळी ‘इ’ हून वरची असतील तर माझ्या सुरक्षिततेत काहीच भर पडत नाही. खर्चात मात्र पडते.

सुरक्षितता दोन मार्गांनी वाढते. एक, ‘इ’ च्याही खालचे, पण जिथे आपण खरोखर आनंदाने शिकू असे एखादे ठिकाण घेणे. दुसरा मार्ग म्हणजे वेगळा फासा. जामिया मिलिया आणि अलीगढ ही विद्यापीठे बरेचसे प्रवेश स्वतःच्या परीक्षेने देतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या विभागांची प्रवेशपरीक्षाही स्वतंत्र असते. एक सकाळ बिघडली तर दुसरी सकाळ उरते, हा खरा फायदा. मी केंद्रीय परीक्षेबरोबर पुण्याचाही अर्ज भरणार आहे, आणि तो दुय्यम म्हणून नव्हे.

टक्केवारीबद्दल दोन शब्द. पदवीला ७९ टक्के असलेल्या मुलाला सामाईक परीक्षेत ५८ टक्केवाल्या मुलापेक्षा कमी गुण मिळालेले मी पाहिले आहेत. प्राध्यापक मंडळींनी रागावू नये, पण आपल्या परीक्षेत दहा संभाव्य प्रश्न पाठ करून पहिला वर्ग मिळवता येतो. तिथे ७५ छोटे प्रश्न साऱ्या अभ्यासक्रमावर विखुरलेले असतात. ५८ वाला मूळ पुस्तके वाचीत असे आणि उत्तरे आटोपशीर लिहीत असे, म्हणून इथे मागे पडला. त्यामुळे पदवीच्या गुणांवरून त्या परीक्षेचा अंदाज बांधू नये, चांगला आणि वाईटही. अट ओलांडण्यापुरते पदवीचे गुण महत्त्वाचे. पुढे परीक्षा काय ते ठरवते.

बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा. ‘वजा’ या शब्दानेच आपली मुले गांगरतात आणि पंधरा-वीस प्रश्न कोरे सोडतात. हिशेब करून पाहा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारातून एकदा ४ मिळतात आणि तीनदा १ जातो, म्हणजे चार प्रश्नांमागे एक गुण पदरात. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर तीन प्रश्नांमागे दोन गुण. दोन बाद करता आले तर दोन प्रश्नांमागे तीन. म्हणजे अर्धवट माहिती असलेले पंधरा प्रश्न कोरे सोडणे म्हणजे सरासरीने दहा ते बावीस गुण टाकून देणे. वरच्या उदाहरणात ‘आ’ चा आतला आणि बाहेरचा यांच्यात तेवढाच फरक आहे. मात्र डोळे मिटून मारलेल्या ठोक्यांवर भिस्त ठेवू नये. तिथे हातात पडते ते फारच थोडे, आणि एखाद्या दिवशी उलटेही होते.

भाषेची अडचण खरी आहे. पदवीची सामाईक परीक्षा मराठीतूनही देता येते. पदव्युत्तरचे पेपर भाषाविषय सोडले तर इंग्रजी आणि हिंदीत असतात. आपल्यापैकी मराठी माध्यमातली मुले हिंदी निवडतात, लिपी तीच म्हणून. लिपी तीच, पण शब्दांचे अर्थ वेगळे! आपली लोकसंख्या तिथे ‘जनसंख्या’, आपली राज्यघटना तिथे ‘संविधान’, निवडणूक म्हणजे ‘चुनाव’. हे निदान कळते तरी. धोका सारख्या शब्दांचा. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे आपले शिक्षण, ‘आपत्ति’ म्हणजे बहुधा हरकत, आणि ‘राजीनामा’ म्हणजे दोन पक्षांतली तडजोड. ‘अमुक नेत्यांचा राजीनामा’ वाचून आपण भलताच पर्याय निवडायचो. मी सराव दोन्ही भाषांतून करते आणि शब्द अडला की वहीत लिहून ठेवते. आतापर्यंत एकशे चाळीस शब्द झाले आहेत.

यादी लागल्यानंतरही हिशेब संपत नाही. पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून रडत बसणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते: वरचा मुलगा एकाच वेळी तीन विद्यापीठांच्या यादीत असतो आणि बसतो एकाच जागेवर. बाकीच्या दोन जागा पुढच्या फेरीत खाली सरकतात. म्हणून वहीत शेवटच्या प्रवेशाचा आकडा लिहिताना तो कितव्या फेरीचा हेही लिहावे. पहिल्या फेरीचा आकडा पाहून घाबरणे म्हणजे सकाळच्या पहिल्या लिलावावरून दिवसाचा भाव ठरवणे. दरम्यान इथल्या विद्यापीठात प्रवेश घेऊन ठेवावा की नाही, हा प्रश्न पालकांना फार छळतो, कारण पैसे अडकतात. २०२४-२५ साठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत करावे असे सांगितले होते. पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर एक हजार रुपये कापता येत होते. त्या त्या वर्षीचे परिपत्रक काढून जवळ ठेवावे. खिडकीवरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे सरकवणे सोपे जाते.

राहता राहिला वसतिगृहाचा प्रश्न. आमच्या घरी तोच सर्वांत मोठा ठरला. दिल्ली विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे राहायला खोली मिळाली असे मुळीच नाही. वसतिगृहाच्या जागा विद्यार्थ्यांच्या मानाने फार थोड्या, आणि बाहेर खोली घ्यायची तर भाडे शुल्काच्या कित्येक पट. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ यांचा परिसर मुळात विद्यार्थ्यांनी तिथेच राहावे अशा बेताने वसलेला. तेव्हा मी वहीत आणखी एक रकाना घातला: ‘नंबर लागला तर जाता येईल का?’ आप्पांनी त्या रकान्यात तीन ठिकाणी ‘होय’ आणि एका ठिकाणी प्रश्नचिन्ह आपल्या हाताने लिहिले आहे. ज्या विद्यापीठापुढे प्रश्नचिन्ह आहे तिथली शक्यता गुणांनी ८० टक्के निघाली तरी माझ्या हिशेबात ती अर्धीच धरते. मुलींच्या बाबतीत हा रकाना पहिला असतो आणि बोलला शेवटी जातो. तो आधीच बोलून टाकलेला बरा. मे महिन्यात भांडण होण्यापेक्षा डिसेंबरात झालेले परवडते.

अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होतात आणि परीक्षा मार्चात असते. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या हाती हा अंक पडेल तेव्हा त्यांच्यापाशी जवळजवळ वर्ष असेल. माझी वही मी ग्रंथपालांकडे ठेवीत आहे. तीत राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी या चार विषयांची पाने आहेत. अर्थशास्त्राचे आणि इंग्रजीचे पान कोरे आहे, ते त्या विषयाच्या कोणीतरी भरावे. गेल्या वर्षी गेलेल्या सातजणांपैकी पाचांनी आपले गुण, फेरी आणि प्रवर्ग कळवले आहे, नावे घातलेली नाहीत. माझे गुण मी निकालानंतर त्याच वहीत लिहीन, नंबर लागला तरी आणि न लागला तरी. वही घरी नेता येणार नाही, तिथेच बसून उतरवून घ्यावी. ग्रंथालय पाच वाजता बंद होते.